'हीट रेझिस्टंट पीयू' म्हणतात, पण किती डिग्रीला आणि किती तास?

माझा मामेभाऊ भोसरीत एक छोटं वर्कशॉप चालवतो. मे महिन्यात त्याने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, मटेरियल उचलायच्या स्टॅकरच्या चाकाचा. लोखंडी हबवर पिवळसर पीयूचा जाड टायर असतो ना, तो बाजूने फाटून आतलं काहीतरी मधासारखं चिकट बाहेर आलेलं. बाहेरून चाक ठणठणीत, आतून विरघळलेलं. खाली मेसेज, "अरे हे हीट रेझिस्टंट म्हणून जास्त पैसे देऊन घेतलंय, आणि शेडमध्ये ४२ डिग्रीच आहे, मग वितळलं कसं?" त्याच आठवड्यात त्याला शेडच्या पत्र्याखाली लावायच्या पॅनलचं कोटेशन आलेलं, एक 'पीयूएफ' (म्हणजे पीयूचा फोम) आणि एक 'पीआयआर' (त्याचाच भाऊबंद, पुढे सांगतो), दुसरं महाग, दोन्हींवर पुन्हा तेच दोन शब्द छापलेले, हीट रेझिस्टंट. आता उन्हाळा लागला की या पॅनलच्या जाहिराती आणि कुठल्यातरी गोदामाच्या आगीची बातमी एकदमच येतात, त्यामुळे लोक गोंधळतात यात नवल नाही. त्याला फोनवर जे सांगितलं ते जरा नीट लिहून काढतोय.

आधी पीयू म्हणजे काय ते

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. गादीतला फोम, बुटाचा सोल, फ्रिजच्या भिंतीतलं पिवळं थर्माकोलसारखं दिसणारं (पण थर्माकोल नसलेलं) भरण, गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग, लाकडावरचं चकचकीत पॉलिश, हे सगळं पीयू असू शकतं. म्हणजे 'पीयू' हे एका पदार्थाचं नाव नाहीच, ते आडनाव आहे. देशपांडे म्हटल्यावर कुठले देशपांडे हे विचारावं लागतं, तसंच.

१९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेनला ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही केमिस्ट्री शोधली. दोन गोष्टी मिसळायच्या. एक आयसोसायनेट, ज्याच्या टोकाला नायट्रोजन-कार्बन-ऑक्सिजन असं त्रिकूट असतं आणि जे कुणाशीही जोडी जमवायला टपलेलं असतं. दुसरं पॉलिओल, तेलासारखं घट्ट द्रव, ज्याच्या टोकांना ओएच म्हणजे अल्कोहोलवाला गट असतो. दोन्ही भेटले की जी गाठ बसते ती युरेथेन गाठ. अशा हजारो गाठी मारत गेलं की लांबच लांब साखळ्या, म्हणजे पॉलियुरेथेन. पुढचा सगळा लेख या एका गाठीवर आहे.

तूप वितळणं वेगळं, तूप करपणं वेगळं

'उष्णता सोसते' या वाक्यात दोन वेगळे प्रश्न दडलेत आणि विकणारे लोक नेमके दोन्हींचा काला करतात.

कढल्यात तूप गरम केलं की पातळ होतं, थंड केलं की परत थिजतं, काही बिघडत नाही. पण तेच गॅसवर विसरलात आणि करपलं, तर आता ते कितीही थंड करा, परत तूप होणार नाही. पीयूचंही असंच आहे, आधी मऊ पडतं आणि मग बऱ्याच वरच्या तापमानाला रासायनिकदृष्ट्या तुटतं. साधं पीयू रबर ८०–९० अंशांच्या वर ताकद गमवायला लागतं, पण त्याच्या साखळ्या खऱ्या अर्थाने तुटायला लागतात त्या साधारण २०० अंशांच्या आसपास. मधल्या शंभर अंशांत माल जळालेला नसतो, पण कामाचाही नसतो.

मऊ का पडतं ते सांगतो. पीयूच्या साखळीत एक मऊ भाग असतो (पॉलिओलचा, लवचिक, वळवळणारा) आणि एक कडक भाग (आयसोसायनेटचा). कडक भाग एकमेकांना शोधून गठ्ठे करून बसतात आणि हायड्रोजन बाँड नावाच्या हलक्या ओढीने धरून राहतात. गोधडी आठवा, मऊ लुगड्याचे थर आणि त्यांना धरून ठेवणारे टाके. कडक गठ्ठे म्हणजे ते टाके. उष्णतेने आधी टाके सैल होतात, कापड शाबूत असतं, पण टाके सुटलेली गोधडी अंगावर घेऊन बघा.

म्हणून सुधारणा करायच्या तर दोन जागा आहेत, टाके घट्ट करा किंवा कापडाचा धागाच बदला. आणि गंमत म्हणजे एकाला जे मानवतं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही.

कच्ची कडी कुठे असते

युरेथेन गाठ बसताना अल्कोहोलचा हायड्रोजन उठून नायट्रोजनवर जाऊन बसतो. तापवल्यावर हाच हायड्रोजन परत आपल्या जुन्या जागी, ऑक्सिजनकडे पळतो आणि गाठ सुटते, आयसोसायनेट एकीकडे आणि अल्कोहोल दुसरीकडे. सुटण्याच्या इतरही वाटा आहेत, त्यात कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मग परतीचा रस्ता बंद होतो, पण सगळ्यात सोपी वाट ही हायड्रोजनची. म्हणजे नायट्रोजनवरचा तो हायड्रोजन ही दाराची कडी समजा, आतूनच उघडणारी.

किती अंशांना उघडते हे दोन्ही बाजूंना कोण आहे त्यावर ठरतं. दोन्हीकडे साध्या सरळ कार्बन-साखळ्या असतील तर साधारण २५० अंश. आयसोसायनेटच्या बाजूला बेंझिनचं कडं (सहा कार्बनची गोल रिंग) असेल (फोम आणि रबरात हेच वापरतात) तर २००. आणि दोन्हीकडे बेंझिनच्या रिंगा असतील तर १२० लाच सुटते! इथे बरेच जण चमकतात, कारण बेंझिनच्या रिंगा घातल्या की पदार्थ उष्णतेला टणक होतो असं आपण शिकलेलो असतो. टणक होतोच, कारण चपट्या रिंगा एकावर एक नीट रचून बसतात, टाके घट्ट होतात. पण तेच कडं गाठीला चिकटून असलं की गाठ सैल करतं. एकाच बदलाने मऊ पडण्याचं तापमान वर आणि तुटण्याचं खाली, असंही होऊ शकतं.

ही सैल गाठ काहींनी धंद्याला लावली. गाडीच्या आणि पत्र्याच्या काही रंगांत आयसोसायनेटला मुद्दाम एक तात्पुरता जोडीदार देऊन गप्प बसवतात, रंग डब्यात महिनोन्महिने नीट राहतो, भट्टीत दीडशे अंशांच्या आसपास गेला की जोडीदार सुटतो आणि खरी गाठ तिथे बसते.

टाके घट्ट करणं: सरळ उभे राहणारे रेणू

आयसोसायनेट निवडताना त्याचा आकार बघायचा. टीडीआय नावाचं जे नेहमीचं असतं (भारतात गुजरातमध्ये बनतं, गादीच्या फोमला लागतं) ते बाजारात दोन वाकड्यातिकड्या रूपांचं मिश्रण म्हणून येतं. वाकडी भांडी मांडणीत नीट रचून बसतात का? तसंच ते. एमडीआय हे दुसरं नेहमीचं आयसोसायनेट त्यापेक्षा बरं. पण पीपीडीआय किंवा एनडीआय नावाचे रेणू सरळसोट, दोन्ही बाजूंनी सारखे असतात, ते गच्च रचून बसतात आणि त्यांचे टाके शंभर अंशांच्या पुढेही धरून ठेवतात, काही ग्रेड १२० च्या आसपास चालतात. त्यांचा दुसरा गुण असा की वारंवार दाबलं-सोडलं तरी ते आतून कमी तापतात. चाकासाठी हे फार महत्त्वाचं, त्यावर शेवटी येतो.

मग सगळे हेच का वापरत नाहीत? महाग आहेत, आणि नखरे खूप. एनडीआय खोलीच्या तापमानाला घन असतं, सव्वाशे-एकशेतीसला वितळतं, आणि पॉलिओलशी मिसळून अर्धवट बनवलेला माल साठवून ठेवता येत नाही, लगेच साच्यात ओतावा लागतो. छोट्या वर्कशॉपला हे झेपत नाही.

कडक भागात आणखी एक छोटा रेणू असतो, दोन आयसोसायनेटना जोडणारा, त्याला चेन एक्स्टेंडर म्हणतात. नेहमीचा म्हणजे ब्यूटेनडायॉल. त्याऐवजी एचक्यूईई नावाचा वापरला तर मला वैयक्तिक फार आवडणारी युक्ती साधते. याच्या पोटात बेंझिनचं कडं आहे, म्हणजे रचना गच्च होते, पण ओएच गट कड्याला थेट चिकटलेला नाही, दोन कार्बन लांब आहे. म्हणजे गाठीला वाटतं आपण साध्या अल्कोहोलशीच बांधलोय, ती १२० ला सुटत नाही. दोन्ही फायदे, नुकसान टळलं. खोट एवढीच की ते शंभरेक अंशांना वितळतं, त्यामुळे मिसळताना सगळं गरम ठेवावं लागतं, जरा गार पडलं की मालात पांढऱ्या चांदण्या दिसतात, तो पीस गेला.

मऊ भागाचं काय?

थोडक्यात सांगतो. पॉलिओल दोन मोठ्या घराण्यांतले, पॉलिइथर आणि पॉलिएस्टर. गरम हवेत ऑक्सिजनचा मारा पॉलिइथरला जास्त लागतो, पॉलिएस्टर टिकतो. पण पॉलिएस्टरला ओलावा सोसत नाही. कपाटात तीन-चार वर्षं जपून ठेवलेला बूट लग्नाला घातला आणि सोलचा भुगा झाला, हा अनुभव निम्म्या महाराष्ट्राला आहे, लोक म्हणतात उष्णतेने झालं, पण बहुतेक वेळा ती हवेतल्या दमटपणाची करामत असते, पाणी एस्टरच्या गाठी हळूहळू खातं. दोन्ही पाहिजे असेल तर पॉलिकार्बोनेट पॉलिओल, किंवा सिलिकॉनचे तुकडे मऊ भागात गुंफायचे. खर्च अर्थातच वाढतो.

पीआयआर: कडीच काढून टाकली

आता कोटेशनवाला प्रश्न. वर म्हटलं की नायट्रोजनवरचा हायड्रोजन म्हणजे आतून उघडणारी कडी. मग अशी गाठ मारली जिच्यात नायट्रोजनवर हायड्रोजनच नाही तर?

आयसोसायनेटला पॉलिओल कमी दिलं, म्हणजे आयसोसायनेट गरजेच्या दुप्पट-तिप्पट ठेवलं, आणि पोटॅशियमचे काही क्षार उत्प्रेरक म्हणून टाकले, की उरलेली आयसोसायनेट एकमेकांशीच जोडली जातात, तीन-तीनच्या गटाने. तिघांचं मिळून सहा अणूंचं एक कडं तयार होतं, आयसोसायन्युरेट. पॉलि-आयसो-सायन्युरेट म्हणजेच पीआयआर. दहीहंडीचा खालचा थर बघा, खांद्यात हात अडकवून गोल उभे असतात, एकाचा पाय सरकला तरी बाकीचे सावरतात, तेच रांगेत हात धरून उभे असते तर एक सुटला की रांग तुटली. या कड्यात कुठल्याच नायट्रोजनवर हायड्रोजन नाही, पळायला सोपी वाट नाही, त्यामुळे हे कडं ३०० अंशांच्या पुढे टिकतं. शिवाय प्रत्येक कड्याला तीन साखळ्या जोडलेल्या, म्हणजे सगळं जाळ्यासारखं बांधलं जातं आणि मऊ पडायलाही जागा राहत नाही.

मात्र पीआयआर पॅनलमध्ये सगळ्याच गाठी अशा नसतात, युरेथेनच्याही असतातच, म्हणून ३०० चा आकडा पूर्ण पॅनलला लावू नका. रोजच्या वापरात साधारण साधा पीयूएफ ८०–१०० पर्यंत आणि पीआयआर १२०–१४० पर्यंत, ग्रेडप्रमाणे. मे महिन्यातला पत्रा ६५–७० पर्यंत सहज जातो. म्हणजे निव्वळ उन्हासाठी पीयूएफही पुरतो, हे मी भावाला स्पष्ट सांगितलं. पीआयआरचे जास्त पैसे द्यायचे ते आगीच्या वेळच्या वागण्यासाठी, उन्हासाठी नाही.

म्हणजे पीआयआरला आग लागत नाही ना?

लागते. उष्णता सोसणं आणि आग न धरणं या सख्ख्या बहिणी आहेत, जुळ्या नाहीत. पीआयआर जळताना वर कोळशाचा कडक थर धरतं आणि तो आतल्या मालाला काही काळ वाचवतो, साधं पीयू त्यामानाने भराभर जळतं. पण दोन्हींमध्ये नायट्रोजन आहे, त्यामुळे जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघू शकतो. लंडनमध्ये १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसं गेली. चौकशीत आग पसरण्याचं मुख्य कारण बाहेरच्या ॲल्युमिनियम पॅनलमधलं पॉलिएथिलीन ठरलं, पण त्यामागच्या फोमच्या इन्सुलेशनने, ज्यात बहुतेक पीआयआर होतं, त्यात भर घातली हेही नोंदवलं गेलं. तेव्हा कुणी 'फायरप्रूफ पीआयआर' म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि टेस्टचा कागद मागा.

मोटरच्या वायरची गोष्ट

रिवाइंडिंगवाल्याकडे तांब्याची एनॅमल वायर बघितली असेल. बारीक वायरीवरचं ते एनॅमल बऱ्याचदा पीयूचंच असतं, आणि ते मुद्दाम, कारण सोल्डर लावताना एनॅमल खरवडावं लागत नाही, ३७०–३९० अंशांच्या सोल्डरमध्ये बुडवलं की पीयूच्या गाठी सुटून ते आपोआप निघून जातं. पीयूचा दोष हाच इथे गुण.

पण मोटर तापते, मग तिथे टिकणारं एनॅमल हवं. उपाय असा की पीयूत इमाइड नावाच्या गाठी गुंफायच्या, यांच्याही नायट्रोजनवर हायड्रोजन नसतो, म्हणजे परत तीच कडी काढायची युक्ती. अशा बदलांनी पीयू वायर १३० वरून १५५ आणि १८० च्या क्लासपर्यंत नेली गेली. मात्र जितकं इमाइड जास्त तितकं एनॅमल सोल्डरमध्ये निघायला कुरकुरतं, म्हणून बनवणारे हात राखूनच टाकतात.

आता या १३०, १८० आकड्यांचा अर्थ बघा, कारण प्रामाणिक आकडा असा असतो. वायर त्या तापमानाला साधारण २०,००० तास टिकेल अशा हिशोबाने तो क्लास ठरतो. तापमान आणि तास, दोन्ही. याउलट पीयू विकणारे अनेकदा टीजीएचा ग्राफ दाखवतात, म्हणजे चिमूटभर तुकडा बारीक तराजूवर ठेवून तापवत जायचं आणि वजन कुठे घटतं ते बघायचं. ग्राफ ३०० ला खाली उतरतो आणि सेल्समन म्हणतो ३०० पर्यंत चालेल. अहो, तो तुकडा तासाभरात तापवलाय, बऱ्याचदा नायट्रोजन वायूत, ऑक्सिजनशिवाय, आणि त्याच्यावर दोन टन वजनही नव्हतं. शिवाय वजन घटणं म्हणजे करपणं, मऊ पडणं त्यात दिसतच नाही.

आयसोसायनेट म्हणजे भोपाळवालंच ना?

हा प्रश्न येतोच आणि यावाच. २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये गळला तो मिथाइल आयसोसायनेट. रासायनिक टोक तेच, पण तो अगदी छोटा रेणू, ३९ अंशांनाच उकळतो, म्हणजे उन्हाळ्यात उघडा ठेवला तर वाफच. टीडीआय २५० च्या आसपास उकळतो आणि एमडीआय तर साध्या तापमानाला जेमतेम उडतो. पीयू बनवायला मिथाइल आयसोसायनेट लागत नाही. आणि पूर्ण पिकलेल्या गादीत किंवा सोलमध्ये मोकळं आयसोसायनेट जवळपास उरत नाही.

म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. फवारणी करणाऱ्याला, ओतणाऱ्याला याचा दमा लागू शकतो आणि एकदा शरीराने वाकडं घेतलं की पुढे अगदी थोड्या वासानेही त्रास होतो. युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून असा माल हाताळणाऱ्या कामगारांना आधी ट्रेनिंग देणं सक्तीचं आहे. आणि वरची कडी आठवा, तापवलं की गाठ उलटी सुटते आणि आयसोसायनेट परत मोकळं होतं. म्हणजे पीयूचं लायनिंग असलेल्या टाकीवर वेल्डिंग किंवा पीयू पॅनलवर कटर चालवताना जो धूर येतो तो साधा धूर नाही. आपल्याकडे हे काम तोंडाला रुमाल बांधून करतात, रुमालाने काही होत नाही.

मग चाक का वितळलं?

४२ डिग्री ही शेडची हवा होती, चाकाचं पोट नव्हे. पीयू दर फेरीला दबतं आणि सुटतं, त्यात थोडी शक्ती उष्णता होऊन आत राहते, आणि पीयू उष्णता बाहेर जाऊ देत नाही (फ्रिजच्या भिंतीत त्याचाच फोम भरतात ना!), त्यामुळे जाड टायरचं पोट तापत जातं आणि कातडी गारच लागते. जाड टायर, जास्त लोड, सलग पळवणं, तिन्ही जमलं की आतले टाके सुटतात. भावाने विकणाऱ्याला विचारलं कुठल्या आयसोसायनेटचं आहे, तर तिकडून उत्तर आलं "इम्पोर्टेड आहे."

दुसऱ्या एकाकडून त्याने एनडीआयवाला टायर बसवून घेतला, जवळपास दुप्पट पैशांत, आणि थोडा पातळ. दीड महिन्याने परत फोटो. यावेळी पीयू कापून बघितलं तर आतून एकदम कोरं, जसंच्या तसं. सुटलं होतं ते लोखंडी हब आणि पीयूमधलं चिकटवायचं केमिकल, ते जुनंच वापरलेलं, त्याची डिग्री कुणी विचारलीच नव्हती.